बाग राखणारे

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात हिरवळीवर पाऊल पडलं की शिट्टी वाजते. पुणेरी पाटीची ही धाकटी बहीणच. पण ते गवत तसं राखायला किती कष्ट पडतात हे कळलं की शिट्टीचा राग निवळतो. निदान पुण्यात निवळतो तेवढा.

सुमारे १० एकरांची ही बाग जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएनवर बेतलेली. मूळ बाग तिथल्या इकेदा त्सुनामासा या जहागीरदाराने करवून घेतली. १६८७ साली हात घातला, १७०० साली पुरी झाली. १९३४चा पूर आणि १९४५ची बॉम्बफेक यांत तिची वाताहत झाली, तेव्हा जुनी चित्रं आणि नकाशे पाहून ती पुन्हा उभी केली. बाग राखायची तर कागदही राखावे लागतात. आपल्याकडे वृक्षारोपणाचा फोटो जपलेला असतो, नकाशा नाही.

लँडस्केप म्हटलं की आर्किटेक्ट आठवतो. ते शिक्षण पुण्यात भानुबेन नानावटी महाविद्यालयातही मिळतं. पण आराखडा एकदा काढून होतो; बाग रोज बिघडते. ती बिघडू न देणारे निराळे: महापालिकेत उद्यान अधीक्षक, सोसायट्यांत वार्षिक कंत्राटवाले, आणि दोन्हीकडे माळी नि खुरपणाऱ्या बायका.

त्यांचा वैरी म्हणजे लव्हाळा हे तण. वरवर उपटला तर जमिनीतल्या गाठी शाबूत राहतात आणि थोड्याच दिवसांत पाती पुन्हा वर. खुरपं खोल घालून गाठीसकट काढावा लागतो. पावसाळ्यात गवत बघता बघता कापणीला येतं, पण एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त छाटलं तर मुळं कमजोर होतात. उन्हाळ्यात पाणी पहाटेच द्यायचं. झाड तोडायचं तर १९७५च्या वृक्ष जतन कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढायची. म्हणजे खुरप्याइतकाच अर्जही चालवता यायला हवा.

लव्हाळा बहुतेकदा नव्या मातीबरोबर येतो. एका सोसायटीत लाल मातीचा ट्रक फाटकात उभा होता. सुपरवायझरने मूठभर माती घेतली, बोटांनी चुरली, दोन काळ्या गाठी काढून हातावर ठेवल्या आणि ट्रक परत पाठवला. भाडं अंगावर पडलं म्हणून चेअरमनसाहेब महिनाभर त्याच्याशी नीट बोलत नव्हते.