गावाच्या मागच्या बाजूचं खाजण

१९७० च्या सुमाराला आर्केटाचा खाडीकिनारा म्हणजे गावाची मागची बाजू होती. लाकडाच्या गिरण्या, ओंडके तरंगत ठेवायचं तळं, १९७३ मध्ये बंद झालेला कचरा डेपो आणि मैलापाण्याचे तलाव, सगळं तिथंच. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात, हंबोल्ट खाडीच्या काठावर हे छोटं शहर आहे. आजही वस्ती जेमतेम अठरा-एकोणीस हजार. ही भूमी मूळची वियोट आदिवासींची. १८५० मध्ये सोन्याच्या मागे आलेल्यांनी इथं गाव वसवलं आणि पुढच्या काही दशकांत खाजणांना बांध घालून गुरांची कुरणं केली, रेल्वे आणली. खाडीभोवतीची सुमारे ९० टक्के खाजणं अशीच गेली.

१९७४ मध्ये राज्यानं नवं धोरण आणलं. प्रक्रिया केलेलं असलं तरी सांडपाणी खाडीत सोडायचं नाही. सोडायचंच असेल, तर त्यानं खाडीचं भलं होतं हे दाखवून द्या. मोठ्या अधिकाऱ्यांनी त्यावर मोठी योजना काढली. खाडीकाठच्या साऱ्या वस्त्यांचं मैलापाणी नळांनी एकत्र आणायचं, खाडीच्या तळाखालून पलीकडे न्यायचं, एकाच भल्यामोठ्या केंद्रात शुद्ध करायचं आणि समुद्रात सोडून द्यायचं. खर्च पाच कोटी डॉलरच्या वर.

आर्केटाकरांना हे पटलं नाही. खर्च डोईजड होता, मुलूख भूकंपाचा होता, आणि पाणी पंपांनी इतकं दूर ढकलायला वीज लागणार होती ती वेगळीच. पण केवळ विरोध करून हे लोक थांबले नाहीत, आणि या गोष्टीतला खरा मोठेपणा तिथं आहे. ‘सोडलेल्या पाण्यानं खाडीचं भलं व्हावं’ ही अट त्यांनी अडचण न मानता संधी मानली. गावातल्या विद्यापीठात मत्स्यशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज ॲलन सांडपाणी आणि खाडीचं पाणी मिसळून त्यात सामन माशांची पिल्लं वाढवत होते. (आपल्याकडे कोलकात्याच्या पूर्वेला ‘भेडी’ म्हणवल्या जाणाऱ्या उथळ तळ्यांमध्ये कितीतरी दशकं शहराच्या मैलापाण्यावर मासळी पिकते, ती याच विचाराची.) पर्यावरण अभियांत्रिकीचे रॉबर्ट गिअरहार्ट यांनी पुढचं पाऊल सुचवलं: खाजण पुन्हा उभं करा आणि पाणी शुद्ध करायचं काम त्याच्यावरच सोपवा. नगरसेवक, प्राध्यापक आणि नागरिक मिळून राज्याच्या सुनावण्यांना जात राहिले, कागद सादर करत राहिले. अखेर १९७९ मध्ये प्रायोगिक खाचरांना परवानगी मिळाली. तीन वर्षं मोजमापं झाली. आकडे गावाच्या बाजूनं आले.

हे काम होतं कसं? मैलापाण्यातला जड गाळ आधी टाक्यांत खाली बसतो. मग पाणी उथळ, विस्तीर्ण तलावांत जातं. तिथं शेवाळ ऊन खाऊन प्राणवायू सोडतं आणि त्या प्राणवायूवर जगणारे जिवाणू घाण कुजवून संपवतात. मात्र शेवाळामुळं पाणी हिरवं होतं, आणि ते हिरवं पाणी तसंच खाडीत सोडलं, तर मेलेलं शेवाळ कुजताना खाडीतला प्राणवायू खाऊन टाकतं. इथं पाणकणीस आणि लव्हाळी कामाला येतात. त्यांची दाटी इतकी, की खाली उजेड पोचत नाही. शेवाळ मरून तळाशी बसतं. पाण्यात बुडालेल्या एखाद्या देठावरून बोट फिरवलं, तर बुळबुळीत थर हाताला लागतो. तो जिवाणूंचा थर. अशा लाखो देठांमधून पाणी संथ सरकतं आणि प्रत्येक देठ आपला वाटा काढून घेतो. पाणी पुढं ज्या तळ्यांत जातं, त्यांना गावानं ॲलन, गिअरहार्ट आणि नगरपालिकेच्या राजकारणात ही बाजू लढवणारे डॅन हाउझर यांची नावं दिली आहेत.

४ जुलै १९८१ रोजी या जागेचं वन्यजीव अभयारण्य म्हणून लोकार्पण झालं आणि १९८६ पासून शहराचं सारं सांडपाणी या वाटेनं जाऊ लागलं. आज हा परिसर ३०७ एकरांचा आहे. तिथं तीनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेलेत. जुन्या कचरा डेपोवर माती चढवून झालेली टेकडी आता गवतानं झाकली आहे. बांधावरून माणसं सकाळी पळायला येतात. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात लांब चोचीचे गॉडविट शेकड्यांनी उतरतात, चोच मुळापर्यंत खुपसून किडे शोधतात आणि भरती चढू लागली की एकदम उठतात. याच पक्ष्याच्या नावानं दर एप्रिलमध्ये गावात उत्सव भरतो. याच खाडीत कालवांची शेतीही आहे. कॅलिफोर्नियातल्या शेतीच्या कालवांपैकी निम्म्याहून जास्त इथून येतात. पाणी बिघडलं, तर तो धंदा बसलाच म्हणून समजा.

१९८७ मध्ये फोर्ड फाउंडेशननं या कामासाठी शहराला एक लाख डॉलरचा पुरस्कार दिला. पुरस्कारानंतर संस्था थंडावतात, असं आपण नेहमी पाहतो. इथं तसं झालं नाही. ‘फ्रेंड्स ऑफ द आर्केटा मार्श’ ही स्वयंसेवकांची संस्था माहिती केंद्रात काम करते, शाळांच्या मुलांना फिरवते. २०१३ मध्ये मॅकडॅनिअल ओहोळाजवळचा जुना बांध फोडला गेला आणि दोनशेहून अधिक एकर कुरणात शंभरेक वर्षांनी भरतीचं पाणी आलं. लाकूड नेणाऱ्या जहाजांबरोबर एकोणिसाव्या शतकात चिलीहून आलेलं एक आडदांड गवत खाडीभर माजलं आहे. ते मुळासकट काढायचं काम चिवट आहे, आणि वर्षानुवर्षं चालू आहे.

आता संकट समुद्राकडूनच येतं आहे. हंबोल्ट खाडीकाठची जमीन खचते आहे आणि पाणी चढतं आहे. समुद्रपातळी चढण्याचा इथला वेग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सर्वांत जास्त आहे. ज्या बांधांवर हे सगळं उभं आहे, ते पुरतील का, की शुद्धीकरण केंद्र उंचावर न्यावं लागेल, ही चर्चा गावात सुरू आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या सुनावण्यांसारखीच ती लांबणार, यात शंका नाही.

कॅलिफोर्नियात मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. रेडवुडचे उंच वृक्ष पाहायला सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला निघालात, तर वाटेत आर्केटा लागतंच. अर्धा दिवस काढा आणि मुलांना सोबत न्या. शनिवारी दुपारी २ वाजता संस्थेचे स्वयंसेवक खाजणाची फेरी घडवतात. पैसे लागत नाहीत. तुमच्या गावाकडचं सांडपाणी कुठं जातं, हे त्या स्वयंसेवकांना सांगता यावं म्हणून निघण्याआधी एकदा घरी फोन करून विचारून ठेवा.