जखम लहान, धोका मोठा : घरी कधी थांबायचं, दवाखाना कधी गाठायचा?



खुरपताना विळा लागतो, ऊसतोडीत पाचटानं पोटरी ओरबाडते, चुलीचा चटका बसतो, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. एवढ्यासाठी मजुरी बुडवून दवाखान्यात कुणी जात नाही. हळद लावायची, चिंधी बांधायची आणि कामाला लागायचं. बहुतेक वेळा जखम भरूनही येते. पण कधी कधी तेवढ्याशा जखमेतून पाय कापायची वेळ येते, जीवही जातो.

मग कोणत्या जखमेला घरी थांबायचं आणि कोणत्या जखमेसाठी त्याच दिवशी गाडी पकडायची? जखम केवढी आहे यावरून ते कळत नाही. त्यासाठी तीन प्रश्न विचारायचे : कुणाला झालंय? कुठे झालंय? किती वेगानं पसरतंय?

आत काय घडतं?

आपली कातडी म्हणजे शरीराचं कुंपण. स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस हे जंतू अनेकांच्या अंगावर, नाकात, घशात असतातच. कुंपणाला भगदाड पडलं की ते आत शिरतात. भेगाळलेली टाच, खाजवलेली खरूज, काटा रुतलेली जागा, एवढं त्यांना पुरतं.

कधी शरीर त्यांना एका जागी अडवतं. तिथं केसतोड किंवा गळू होतं. कधी ते कातडीखाली पसरत जातात. पाय सुजतो, गरम लागतो, जांघेत अवधाण येतं, थंडी वाजून ताप भरतो. जुन्या बाया याला धावरं म्हणायच्या, डॉक्टर सेल्युलायटिस म्हणतात. वेळेवर औषध मिळालं तर हे बहुधा बरं होतं. वेळ गेली तर जंतूंचा त्रास साऱ्या शरीराला होतो आणि मूत्रपिंड, फुप्फुसं, हृदय यांचं काम बिघडतं. यालाच सेप्सिस म्हणतात. क्वचित जंतू आतल्या मांसापर्यंत जाऊन ते काही तासांत सडवू लागतात.

पहिला प्रश्न : कुणाला?

खालीलपैकी कुणाच्या जखमेत पू, सूज किंवा ताप दिसला, तर उद्यावर ढकलू नका :

- मधुमेह असलेली व्यक्ती. साखर जास्त असली की जखम लवकर भरत नाही आणि तळपाय बधिर झाले असतील तर खिळा रुतला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून जखम साधी आहे, असं इथं मानायचं नाही.
- तान्हं बाळ. बेंबीतून पू, बेंबीभोवती लाली किंवा अंगावर पुवाचे फोड आले तर लगेच दाखवा.
- गरोदर आणि बाळंतीण. टाके लाल झाले, चिघळले, घाण वास येऊ लागला किंवा स्तनात दुखरी गाठ येऊन ताप आला तर अंगावर काढू नका.
- वयस्कर माणसं. त्यांना कधी ताप येतच नाही, फक्त गळून जातात, असंबद्ध बोलतात.
- मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार, कॅन्सर, एचआयव्ही असलेले, बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे आणि रोज दारू पिणारे.
- पायाला हत्तीरोगाची सूज असलेले. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या भागांतल्या मैत्रिणींना हे नवं नाही. अशा पायात जंतू पुन्हा पुन्हा शिरतात आणि दर वेळी सूज वाढते. पाय रोज साबण-पाण्यानं धुऊन बेचके कोरडे केले, तर हे हल्ले कमी होतात.

दुसरा प्रश्न : कुठे?

डोळ्याभोवती सूज, नाक आणि वरच्या ओठाजवळची पुळी, हाताच्या बोटांत किंवा सांध्यावर पू, नाजूक जागेची सूज. इथं वाट पाहायची नाही. नाकाजवळची पुळी तर कधीच दाबू नका. तिथल्या रक्तवाहिन्यांचा संबंध मेंदूकडच्या रक्तवाहिन्यांशी असतो.

तिसरा प्रश्न : किती वेगानं?

यासाठी पाच रुपयांचं बॉलपेन पुरतं. सूज किंवा लाली जिथं संपते तिथं कडेनं रेघ ओढा आणि बाजूला तारीख व वेळ लिहा. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. म्हणून हाताच्या पाठीनं चाचपून पाहा : गरम कुठपर्यंत लागतं, कातडी ताणून चकाकते कुठपर्यंत, दुखतं कुठपर्यंत. दर तीन-चार तासांनी बघा. सूज रेघेबाहेर गेली की दवाखाना गाठा. डॉक्टरलाही ती रेघ दाखवा. दुखणं किती वेगानं वाढलं ते त्यांना लगेच कळेल.

हे दिसलं तर रात्र असली तरी निघा, १०८ ला फोन करा

- वरून जखम छोटी, पण दुखणं सहन होत नाही. किंवा खूप दुखत असलेली जागा अचानक बधिर झाली. दुखायचं थांबलं म्हणून बरं वाटतंय असं समजू नका.
- कातडी जांभळी-काळी पडली, पाण्याचे किंवा रक्ताचे फोड आले, दाबल्यावर आत चरचर जाणवते.
- सूज तासातासाला वाढते आहे.
- हुडहुडी भरते, बसल्या जागी धाप लागते, छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात.
- माणूस बरळतो, झोपाळू होतो, लघवी फार कमी होते.
- बाळ अंगावर पीत नाही, निपचित पडतं.

लेकरांच्या खरजेकडेही बघा

खरूज खाजवून त्यावर पू धरला तर त्यातल्या काही जंतूंमुळे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. कातडी बरी झाल्यावर, काही आठवड्यांनी हे दिसतं. सकाळी डोळे-तोंड सुजलेलं असतं, लघवी कमी आणि कोऱ्या चहासारखी होते. असं दिसलं तर मुलाला लगेच दाखवा. खरजेचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं, नाहीतर ती फिरत राहते.

घरी काय करायचं, काय टाळायचं?

जखम वाहत्या स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं नीट धुवा. स्वच्छ, उन्हात वाळवलेलं कापड सैल बांधा आणि रोज बदला. सुजलेला पाय उशीवर उंच ठेवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल आरोग्य केंद्रात विचारा.

शेण, माती, चुना, तंबाखू, राख जखमेवर लावू नका. गळू काट्यानं किंवा ब्लेडनं फोडू नका. पू डॉक्टरनंच काढायचा असतो. मेडिकलमधून विचारून आणलेल्या मलमात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. त्यानं लाली दबते, जंतू मात्र वाढतात. दुखण्याची गोळी खाऊन कामावर गेलं तर दुखणं वाढतंय हेच कळत नाही.

डॉक्टरांनी दिलेल्या जंतुनाशक गोळ्या सांगितलेले सगळे दिवस घ्या. दोन दिवसांत उतार पडला नाही तर पुन्हा दाखवा. उरलेल्या गोळ्या शेजारणीला देऊ नका.

गटानं काय करायचं?

घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर बाईचं दुखणं बघायचं, ही आपल्याकडची रीत. धावऱ्याला ती रीत कळत नाही. म्हणून हे काम एकटीवर सोडू नका.

पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. कुणाला मधुमेह आहे, कुणाच्या घरी बाळंतीण किंवा वयस्कर माणूस आहे, ते एकमेकींना माहीत असू द्या. ३० वर्षांवरच्या सगळ्याजणी उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर मोफत तपासून घ्या. रात्री-अपरात्री कुणाची गाडी मिळेल ते ठरवा आणि आशाताईंचा नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये ठेवा.

खर्चाच्या भीतीनं थांबू नका. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. १०८ ची गाडीही मोफत आहे. तरी जाण्यायेण्याला, सोबतच्या माणसाच्या जेवणाला पैसा लागतोच. त्यासाठी गटातून तातडीचं कर्ज त्याच दिवशी देता येईल, असा ठराव आधीच लिहून ठेवा. हप्ता चुकला तर पुढच्या महिन्यात भरता येतो. सडलेला पाय पुन्हा मिळत नाही.