मुलगी नर्स झाली, आता पुढे काय?

शेतावर कर्ज काढून आपण मुलीला नर्स करतो. निकालाचे पेढे वाटून झाले की खरी परीक्षा सुरू होते. भोपाळला पिपलानीत राहणाऱ्या मुलीला भेलचे कस्तुरबा रुग्णालय जवळ, शहरात एम्सही आहे. पण जवळ असले म्हणून दार उघडत नाही.

प्रथम राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी. खाजगी दवाखान्यात काम लवकर मिळते, पण पगार तुटपुंजा. ५० खाटांहून लहान रुग्णालयानेही दरमहा २०,००० रुपये द्यावेत, असे केंद्राच्या समितीने २०१६ साली सुचवले. ती शिफारसच राहिली, तर घासाघीस आपल्यालाच करावी लागते.

एम्सची परीक्षा द्यायची तर जी.एन.एम. झालेल्या मुलीला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून आमचे सांगणे एवढेच: पगार विचारण्याआधी खाटा विचारा. लहान दवाखान्यात काढलेली दोन वर्षे तिथे मोजली जात नाहीत. अनुभवाचा दाखला वेळीच घ्या, मूळ प्रमाणपत्रे कुणाकडे अडकवू नका.

आईबापांनो, पहिल्या पगारासाठी मुलीला घाई करू नका. कलमाला फळ धरायला आपण थांबतोच ना?