बॉनेटखाली (भाग ९) : पंप बदलण्याआधी गेज लावा

सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की खंबाटकीच्या चढाला पिकअप जातो. ओव्हरटेक करायला पाय दाबला की झटके बसतात. यातली कुठलीही तक्रार घेऊन जा, बऱ्याच गॅरेजमध्ये उत्तर ठरलेलं असतं : ‘पंप गेलाय, बदलावा लागेल.’ टाकीतला पंप मॉड्यूलसकट बदलायचा म्हणजे काही हजारांचं काम. कधी कधी तो खरोखरच गेलेला असतो. पण पुष्कळदा नवा पंप बसतो, बिल चुकतं होतं आणि गाडी पुढच्या घाटात पुन्हा तशीच धापा टाकते. गेल्या आठवड्यात आपण ठिणगीचं पाहिलं, आज पेट्रोलच्या प्रेशरचं पाहू.

कार्ब्युरेटरच्या काळात हा विषय फारसा नव्हता. जुन्या मारुती ८००चा पंप इंजिनच्याच कॅमवर चालायचा आणि कार्ब्युरेटरच्या वाटीपर्यंत पेट्रोल पोचवलं की त्याचं काम संपायचं. त्याला एक बारसुद्धा प्रेशर लागत नसे. २०००च्या सुमारास प्रदूषणाचे निकष कडक झाले, एमपीएफआय म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी यंत्रणा आली आणि पंप विजेवर चालणारा होऊन टाकीत जाऊन बसला. आता इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमध्ये साधारण ३ ते ४ बार, म्हणजे ४५ ते ६० पीएसआय प्रेशर कायम ठेवावं लागतं. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो. तो त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा, शेजारच्या गाडीवरून नाही.

एवढं काटेकोर कशासाठी? ईसीएम म्हणजे इंजिनचा संगणक इंजेक्टरला फक्त वेळ सांगतो : इतके मिलिसेकंद उघडा राहा. तेवढ्या वेळात पेट्रोल किती पडणार, हे प्रेशरवर ठरतं आणि ते प्रेशर बरोबर आहे असं एमपीएफआयचा ईसीएम सहसा गृहीतच धरतो. ३ बारचं प्रेशर सव्वादोनवर आलं, म्हणजे पाव हिस्सा घटलं, तर पेट्रोल साधारण १३ टक्के कमी पडतं, कारण प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ऑक्सिजन सेन्सरला ही तूट कळते आणि ईसीएम इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवून ती भरून काढतो. स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ म्हणून दिसतो तो हाच हिशेब. त्यामुळे पंप दमत चालला तरी मालकाला महिनोन् महिने पत्ता लागत नाही. ट्रिम अधिक १५-२० टक्क्यांच्या पुढे गेली की बहुतेक गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लागतो आणि पी-०१७१ हा कोड येतो. त्याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी आहे, एवढाच. पंप खराब आहे असं तो कोड म्हणत नाही. इनटेकची फुटलेली नळी किंवा मळलेला एअर-फ्लो सेन्सरही हाच कोड आणतात. शिवाय इ-२० पेट्रोलमुळे जुन्या गाडीची ट्रिम मुळातच काही टक्के वर सरकलेली असते, कारण इथेनॉल जाळायला त्याच हवेत जास्त इंधन लागतं. तेव्हा अधिक ५ दिसले म्हणून घाबरू नका.

आता गेज. काही गाड्यांच्या रेलवर टायरसारखा व्हॉल्व्ह असतो, त्यावर गेज थेट बसतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांवर तो नसतो. तिथे रेलकडे येणारी नळी काढून मध्ये टी-जॉइंट घालावा लागतो. नळी काढण्याआधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे प्रेशर उतरतं. तरी नळीभोवती फडकं धरा, इंजिन थंड असू द्या, अग्निशामक हाताशी ठेवा. तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोलची एक चिळकांडी उडाली तरी गाडी पेटते. हे काम घरी करून पाहू नका, गॅरेजमध्ये शेजारी उभं राहून बघा.

की ऑन केली की पंप सुमारे दोन सेकंद फिरतो आणि काटा चढतो. नंतर इंजिन स्लोवर ठेवायचं. रेलवर व्हॅक्युमची नळी असलेला जुन्या पद्धतीचा रेग्युलेटर असेल तर ३ बारच्या जागी अडीचच्या आसपास दिसेल आणि नळी काढली की काटा वर जाईल. ते बरोबरच आहे. मात्र त्या नळीतून पेट्रोलचा वास आला तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय असं समजा. रिटर्न लाइन नसलेल्या नव्या गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो, तिथे आकडा जवळपास स्थिर राहतो.

बहुतेक मेकॅनिक इथेच गेज काढतात, आणि खरी चूक इथेच होते. स्लोवर इंजिनला पेट्रोल लागतं ते अगदी थोडं. अर्धा चोक झालेला फिल्टर किंवा झिजलेला पंपसुद्धा तेवढं पुरवतो. नळ बंद असताना सगळ्याच पाइपांत दाब असतो, दोन नळ एकदम सोडले की खरं कळतं. म्हणून गेज लांब नळीने पक्का बांधून, काचेबाहेर दिसेल असा ठेवून गाडी चढावर न्यायची, एकाने चालवायची आणि दुसऱ्याने काटा बघायचा. पाय दाबल्यावर प्रेशर तीनवरून दोनवर घसरत असेल तर तुमची तक्रार खरी आहे. काटा हललाच नाही तर पंपाला हात लावू नका, दोष दुसरीकडे शोधा.

सकाळच्या तक्रारीची परीक्षा वेगळी. इंजिन बंद करून गेज तसाच ठेवायचा. काटा हळूहळू उतरला तर हरकत नाही. मिनिटभरात शून्यावर आला तर पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर यांपैकी कोणीतरी प्रेशर सोडतंय. अशी गाडी दोनदा की ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारला की चटकन सुरू होते. ही खूण घरबसल्याही तपासता येते.

प्रेशर खरंच कमी निघालं तरी पंप लगेच दोषी ठरत नाही. त्याला पुरेशी वीज मिळते का? पंप चालू असताना त्याच्या सॉकेटवर व्होल्ट मोजा. बॅटरीपेक्षा एखादा व्होल्ट कमी असेल तर जळका रिले, गंजलेलं सॉकेट किंवा ढिली अर्थिंग तपासा. कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या गाड्यांत सॉकेट हिरवं पडलेलं सापडणं नवलाचं नाही. साफ केलं की पंप पुन्हा तरुण होतो.

सीएनजीवाल्यांकडे तर फुकटची चाचणी आहे. गाडी गॅसवर सुरळीत पळते आणि पेट्रोलवरच झटके मारते, याचा अर्थ प्लग, कॉइल आणि कॉम्प्रेशन बहुधा ठीक आहेत आणि खोट पेट्रोलच्या बाजूला आहे. दोन्हींवर झटके मारत असेल तर पंपाचा नाद सोडा. पण याच मालकांची एक सवय पंपाच्या मुळावर येते : टाकीत जेमतेम पेट्रोल ठेवायचं. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो म्हणूनच थंड राहतो. पाव टाकी तरी ठेवा.

टीएसआय, जीडीआय ही थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणारी इंजिनं आणि कॉमन रेल डिझेल हे वेगळं प्रकरण. तिथे रेलमध्ये शेकडो बार असतात, डिझेलमध्ये १६०० आणि त्याहूनही वर. तिथे साधा गेज चालत नाही, आकडा स्कॅनरवर वाचायचा. चालू इंजिनचा पाइप ढिला करून ‘एअर काढण्याची’ जुनी सवय इथे जीवघेणी आहे, ती धार कातडी भेदून आत जाते.

गाडी गॅरेजला द्याल तेव्हा जॉबकार्डवर तीन आकडे लिहून मागा : स्लोवरचं प्रेशर, चढावरचं प्रेशर आणि पंपाच्या सॉकेटवरचे व्होल्ट. ते हातात येईपर्यंत नव्या पंपाला होकार देऊ नका.