समुद्राच्या पोटात किती मावेल?

१९६४ ते १९६६ या काळात भारतीय शिक्षणाचा साकल्याने विचार करणाऱ्या कोठारी आयोगाच्या सदस्यांत रॉजर रेव्हेल नावाचे एक अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ होते, हे पुष्कळ शिक्षकांस ठाऊक नसेल. त्यांचे मूळ कार्य समुद्राच्या पाण्याविषयीचे होते आणि ते वर्गात सांगण्याजोगे आहे.

कोळसा व खनिज तेल जाळल्याने कार्बन डायॉक्साइड वायू हवेत मिसळतो. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो, हे एकोणिसाव्या शतकातच कळले होते. तथापि पुष्कळ शास्त्रज्ञ निर्धास्त होते. समुद्र अफाट आहे, तो जादा वायू सहज गिळून टाकील, अशी त्यांची समजूत होती. १९५७ साली कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचे रेव्हेल व त्यांचे सहकारी हान्स स्यूस यांच्या निबंधाने या समजुतीस धक्का दिला.

समुद्राचे पाणी म्हणजे केवळ पाणी नव्हे. त्यात नाना क्षार विरघळलेले असतात. आत शिरलेला वायू त्यातील कार्बोनेटशी संयोग पावतो व बायकार्बोनेट तयार होते. कार्बोनेट जसजसे खर्ची पडते, तसतसे पाणी आणखी वायू घेण्यास कुचराई करू लागते. हवेतील वायू शेकडा १० ने वाढला, तरी समुद्राच्या वरच्या थरातील एकूण कार्बन शेकडा १ च्या सुमारासच वाढतो. खाली अथांग पाणी आहे खरे. पण वरचे पाणी तेथवर पोचून मिसळण्यास शतकेच्या शतके लागतात.

मोजल्यावाचून असा वाद मिटत नाही. १९५८ साली त्याच संस्थेतील चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर मोजणी आरंभिली. तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. २०२४ सालची सरासरी ४२४ भागांवर गेली. मनुष्याने सोडलेल्या वायूपैकी सुमारे चतुर्थांश समुद्र आजही पोटात घेतो. परंतु त्यापायी त्याचे पाणी आम्लतेकडे झुकत चालले असून शिंपले व पोवळी यांस आपले कवच बांधणे कठीण होत आहे.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. सोडावॉटर दोन पेल्यांत ओतून एक पेला माठातील गार पाण्यात व दुसरा ऊन पाण्यात ठेवावा. उन्हावलेल्या पेल्यातील बुडबुडे भराभर निघून जातात. तापत्या समुद्राची वायू धरून ठेवण्याची शक्ती याच रीतीने घटते. कार्बोनेटचा भाग मात्र या प्रयोगात दिसत नाही. तो फळ्यावरच समजावून द्यावा लागेल.