घरच्या फिती, लेकीच्या घरी

ज्या व्यापारी कुटुंबांत गेल्या शतकाच्या अखेरीस व्हिडिओ कॅमेरा आला, त्यांच्या कपाटांत आज एक मोठा ठेवा पडून आहे. लग्ने, बारशी, वर्षीतपाची पारणी, नव्या दुकानाचा मुहूर्त, दिवाळीचे वहीपूजन. आणि या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी, गादीवर बसून भाव सांगणाऱ्या आजोबांचा आवाज. फोटो पुष्कळांकडे असतात, आवाज मात्र फितीतच उरलेला असतो. या फितींना दमट हवेत बुरशी लागते. त्या वाजविणारी यंत्रेही आता दुर्मिळ झाली आहेत. व्हीएचएस यंत्रांचा अखेरचा ज्ञात उत्पादक, जपानची फुनाई कंपनी, हिनेही २०१६ साली उत्पादन थांबविले.

फिती संगणकावर उतरवून घेण्याचे काम अनेकांनी केलेही आहे. पुढचा प्रश्न वाटपाचा. पुण्यात थोरल्याकडे असलेली चित्रफीत सांगलीत दिलेल्या लेकीने, नाशिकच्या काकांनी कशी पाहावी? पेनड्राइव्ह जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर पाठविला, तर तो ड्रॉवरमध्ये हरवतो. व्हॉट्सअॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठविलेले चित्र आवळले जाते आणि चेहरे पुसट होतात. परक्या संकेतस्थळावर घरातील बायका-मुलांचे चित्रीकरण ठेवणे सर्वांनाच रुचत नाही, आणि ते न रुचणे योग्यच आहे.

यावर एक निराळा उपाय आहे: माल आपल्याच वखारीत ठेवावा आणि नातलगांना तेथूनच पाहू द्यावा. घरात एक लहान संगणक कायम चालू ठेवायचा, त्याला मोठी हार्डडिस्क जोडायची आणि त्यावर जेलीफिन ही प्रणाली बसवायची. २०१८ साली एम्बी या प्रणालीपासून फुटून निघालेली ही मुक्त प्रणाली विनामूल्य आहे. प्लेक्स ही तिच्याहून अधिक परिचित. परंतु घराबाहेरून पाहण्यासाठी तिने २०२५ पासून शुल्क लावले आहे. विजेचा खर्च फार नाही. १५ वॉटवर चालणारा संगणक महिनाभर अखंड चालला, तर सुमारे ११ युनिट जळतात.

खरी अडचण दोन घरांमधल्या रस्त्याची असते. इंटरनेटच्या जाहिरातीत दिसणारा मोठा आकडा बहुधा माल आत येण्याचा असतो. येथे लागतो तो बाहेर जाण्याचा वेग, म्हणजे अपलोड. फायबरच्या बऱ्याच योजनांत दोन्ही वेग सारखे असतात, केबलच्या जोडणीत मात्र बाहेरचा वेग पुष्कळच कमी असू शकतो. १०८० रेषांच्या चांगल्या चित्राला सेकंदाला सुमारे ८ मेगाबिट लागतात. अपलोड २० मेगाबिट असेल, तर दोन घरी एकाच वेळी सुखाने चालेल. तिसऱ्या घरी चित्र अडखळू लागेल. येथे मेगाबिट आणि मेगाबाइट यांची गल्लत करू नये: आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे शेर आणि मण यांतल्यासारखाच फरक.

जुन्या मिनीडीव्ही फितींचा हिशेब आणखी डोळ्यांत भरणारा आहे. एका तासाची फीत जशीच्या तशी उतरविली, तर सुमारे १३ गिगाबाइट जागा घेते आणि सेकंदाला २५ मेगाबिटांहून अधिक मागते. म्हणून मूळ प्रत हलवू नये, ती जपून ठेवावी; पाहण्यासाठी एच-२६४ पद्धतीची हलकी प्रत वेगळी करावी. अशी प्रत दोनेक गिगाबाइटमध्ये बसते. ती करताना चित्रातल्या सम-विषम ओळी एकत्र जुळवून घ्यायला विसरू नये, अन्यथा हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. ही तयारी आधी केली नाही, तर नातलगाने कळ दाबताच घरच्या संगणकाला चित्र तेथल्या तेथे लहान करावे लागते, आणि जुन्या संगणकाचा त्यात दम निघतो.

दुसरा अडसर पत्त्याचा. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४३० कोटी. ते पुरत नाहीत म्हणून अनेक सेवादाते पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. एकाच पत्त्यावर शंभर पेढ्या असाव्यात आणि बाहेरून आलेल्या हमालाला कोणती पेढी हे कळू नये, तसे होते. राउटरच्या पानावर आपला बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर आपणही त्या शंभरांतले एक. तेव्हा राउटरचे दार उघडून, म्हणजे पोर्ट खुले करून, काही साधत नाही. साधत असले, तरी मी ते सुचविणार नाही. उघडे दार कोणकोण ठोठावून पाहते, हे घरधन्याला दिसत नाही.

त्याऐवजी दोन्ही घरांत टेलस्केल बसवावे. ते वायरगार्ड या सांकेतिक पद्धतीवर चालते. दोन्ही टोकांची यंत्रे आतून बाहेर हाक देतात आणि मध्ये एक बंद वाट तयार होते. घरगुती वापरासाठी त्याची विनामूल्य योजना आहे. नातलगाच्या दूरचित्रवाणी संचावर मात्र ते चालते की नाही, हे आधी पाहावे. अँड्रॉइड टीव्हीवर किंवा अँड्रॉइडच्या छोट्या डबीवर ते बसते, कित्येक संचांच्या स्वतःच्या प्रणालीवर बसत नाही. ही डबी बसविण्याचे काम जावईबापूंवर सोपवून चालणार नाही. एखाद्या सणाला जाल तेव्हा आपणच जोडून यावे आणि आत्याबाईंकडून चारदा लावून घ्यावे.

जेलीफिनमध्ये प्रत्येक नातलगाचे स्वतंत्र खाते आणि स्वतंत्र परवाना ठेवता येतो. कोणी कोणते कपाट उघडावे, कोणाला किती वेग द्यावा, हे ठरविता येते. विकत घेतलेले चित्रपट मात्र या कपाटात घालून चार घरांना वाटू नयेत. १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा खासगी वापराला सवलत देतो, ती अशा वाटपापर्यंत ताणू नये.

एकाच डिस्कवर सर्व ठेवणे म्हणजे एकच चोपडी ठेवून व्यापार करण्यासारखे आहे. लेकीच्या घरी दुसरी डिस्क ठेवून रात्री तिच्यावर प्रत उतरत राहील, अशी व्यवस्था करावी. बंद वाट तयार असतेच.

आणि चेहऱ्यांची नावे. १९९० सालच्या लग्नातल्या पंगतीत कोण कोण बसले आहे, हे सांगणारी माणसे आता घरोघरी एक-दोनच उरली आहेत. लेकीच्या घरी फीत लावावी, आजीबाईंना फोनवर घ्यावे, चित्र थांबवून एकेकाचे नाव विचारावे आणि त्याच वेळी लिहून घ्यावे. जेलीफिनमध्ये प्रत्येक चित्रफितीच्या माहितीत त्यासाठी जागा असते.