साथीच्या काळात ज्येष्ठांना समवयस्कांचा आधार

मुले नोकरीनिमित्त शहरात आणि आई-वडील गावी, हे चित्र नेवासा तालुक्यातील घोडेगावसारख्या बाजाराच्या गावालाही नवे नाही. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा एकट्या ज्येष्ठांपुढे औषधे, जेवण आणि सोबत असे तीन प्रश्न एकदम उभे राहिले. पुण्यातील 'अथश्री'सारख्या ज्येष्ठांच्या वसाहतींचे मोल अशा वेळी उमगते. सामाईक भोजनगृह, वैद्यकीय मदत आणि समवयस्क शेजार एकाच आवारात असल्यास बाहेर पडण्याची गरज कमी होते. एकटेपणही सुसह्य होते. मात्र, एकत्र वास्तव्यात संसर्ग वेगाने पसरू शकतो. म्हणूनच घर निवडण्यापूर्वी विलगीकरणाची सोय, रुग्णवाहिका आणि रुग्णालयाचे अंतर यांची चौकशी अवश्य करावी.